मेडिकल कोडिंगचं 'अपडेट पॅकेज' घेताय? माझे ४८,६६० गेले, तुमचे घालवू नका

मेडिकल कोडिंगमधल्या, म्हणजे डॉक्टरने जे लिहिलं त्याचे कोड लावून इन्शुरन्सच्या बिलाचं काम करणाऱ्या मुलींसाठी लिहितेय, जास्त करून ज्या बाळंतपणानंतर किंवा कुठल्याही गॅपनंतर परत नोकरी शोधतायत त्यांच्यासाठी. आम्हालाच हेरतात ही माणसं.

मी २०२१ मध्ये सीपीसी (एएपीसी या अमेरिकन संस्थेचं कोडरचं सर्टिफिकेट) झाले, पुण्यात एका कंपनीत अमेरिकन क्लायंटसाठी ओपीडीच्या व्हिजिट कोड करायचे. सप्टेंबर २०२३ ला नोकरी सोडली, मुलगी झाली, पावणेदोन वर्षं घरात. दरवर्षी १ जानेवारीला सीपीटी (डॉक्टरने केलेल्या तपासणी-उपचारांचे कोड) बदलतं, १ ऑक्टोबरला आयसीडी (आजारांचे कोड) बदलतं, एप्रिलमध्ये परत थोडं, एचसीपीसीएस (औषधं, साहित्य वगैरेंचे कोड) तर दर तीन महिन्यांनी. कामावर असलं की टीम लीड मेल टाकतो, ट्रेनिंग होतं, आपोआप कळत जातं. घरी बसलं की काहीच कळत नाही. त्यात माझं सर्टिफिकेट ऑगस्टअखेर रिन्यू करायचं होतं, दोन वर्षांत ३६ सीईयू (शिकत राहिल्याचे पॉइंट) लागतात आणि माझे ७ झाले होते. म्हणजे घाई होती. ही घाई त्यांना बरोबर दिसते.

व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या बॅचच्या ग्रुपमध्ये पोस्टर आलं, '२०२५ अपडेट पॅकेज'. नवीन पुस्तकं, ३६ सीईयू, मॉक टेस्ट आणि जॉब असिस्टन्स. रविवारी, २५ मे ला, ऑनलाइन डेमो. ओळखीच्या ग्रुपमध्ये आलं म्हणून विश्वास ठेवला, आणि ज्या मुलीने टाकलं तिनेही नुसतं फॉरवर्ड केलेलं, तिला मी दोष देत नाही.

आता ज्या क्षणाबद्दल मला रात्री झोप लागत नाही तो सांगते. डेमोमध्ये सरांनी स्लाइड लावली, ९९२१३ (जुन्या पेशंटच्या ओपीडी व्हिजिटचा कोड), वेळ २० ते २९ मिनिटं. चॅटमध्ये एका मुलीने लिहिलं, "सर, २०२४ पासून ही रेंज काढलीय ना? आता फक्त किमान २० मिनिटं आहे." मी ते वाचलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं. सर क्षणभर थांबले, म्हणाले "ते पेयरनुसार, म्हणजे इन्शुरन्स कंपनीनुसार वेगळं असतं, आपण पुढच्या सेशनला घेऊ", आणि दोन मिनिटांत तो मेसेज चॅटमधून गायब, ती मुलगीही दिसेना. आणि मला काय वाटलं असेल? ही मुलगी उगाच शायनिंग मारतेय. कारण माझ्या डोक्यात २० ते २९ च बसलेलं होतं, २०२३ मध्ये मी रोज तेच बघत होते, त्यांची स्लाइड माझ्या आठवणीशी जुळली म्हणून मला ती बरोबर वाटली! जुनी माहिती विकायला जुनी माहिती असलेलंच गिऱ्हाईक लागतं, तेवढी साधी गोष्ट मला कळली नाही. त्या वेळी फक्त गुगल केलं असतं तरी पाच मिनिटांत कळलं असतं. बाळ मांडीवर होतं, एका हाताने फोन धरलेला, ती रडायला लागली आणि मी लॅपटॉप बंद केला. त्याच रात्री रजिस्ट्रेशनचे २,३६० भरले, २,००० अधिक जीएसटी.

जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबर नाही. यूपीआयला नाव इन्स्टिट्यूटचं नाही, कुठल्यातरी माणसाचं. हे बघा आधी. नंबर दिला असेल तर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो.

२८ मे ला ३६,५०० भरले. भिशी लागली होती ४०,००० ची, त्यातले. नवऱ्याला म्हणलं नोकरी लागली की दोन महिन्यांत वसूल. मग ११ जूनला 'इंटरव्ह्यू स्लॉट' म्हणून ९,८००, रिफंडेबल. सगळे मिळून ४८,६६०.

पुस्तकं म्हणजे पीडीएफ आल्या. कव्हर एकदम चकाचक, २०२५. आतली पानं तिरकी स्कॅन केलेली, कुणीतरी मॉडिफायर २५ च्या (कोडला जोडतात तो आकडा) ओळीवर पिवळा हायलाइटर मारलेला, बाजूला पेनाने बाण काढून 'परीक्षेत येतं' असं लिहिलेलं. कुणातरी विद्यार्थ्याचं जुनं पुस्तक होतं ते. मी मेसेज केला तर म्हणे "फॅकल्टी कॉपी आहे मॅडम". मी पण ऐकून घेतलं. सीपीटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या (एएमए) मालकीचं आहे, त्याचं पुस्तक कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर स्कॅन करून पाठवत असेल तर तिथेच ब्लॉक करा.

४ जुलैला मी स्वतःच्या ओळखीने एका कंपनीत टेस्ट दिली. पेशंटशी फोनवर १५ मिनिटं बोलणं, मी ९९४४२ लावला. तो कोड १ जानेवारी २०२५ पासूनच डिलीट झालाय, त्याच्या जागी टेलिमेडिसिनचे ९८००० पासूनचे नवीन कोड आलेत. क्लास टू ओबेसिटीला (लठ्ठपणाची दुसरी पायरी) मी ई६६.९ टाकला, तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथे ई६६.८१२ आहे. क्यूए वाली (काम तपासणारी) मॅडम चांगली होती, तिने विचारलं, "ताई, तुम्ही २०२५ चं ट्रेनिंग केलंय म्हणता ना?" मला तिथे बसवेना. घरी येऊन सीईयूची सर्टिफिकेटं बघितली, त्यावरचा इंडेक्स नंबर एएपीसीच्या साइटवर टाकला, एकही सापडला नाही. ३६ च्या ३६ खोटे. फोन केला, बंद. ग्रुपमधून काढलेलं.

मग चौकी. पहिल्या दिवशी दीड तास बसवलं, मांडीवर पोरगी. साहेब म्हणाले, "कोडिंग म्हणजे सॉफ्टवेअर ना?" मी सगळं समजावलं, डॉक्टरने जे लिहिलं त्याचे कोड लावून इन्शुरन्सकडे बिल जातं, वगैरे. ऐकून म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना स्वखुशीने? पीडीएफ मिळाली ना? मग सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." अहो, दुकानदाराने जुना माल नवीन लेबल लावून विकला तर ती फसवणूक, आणि हे नाही? नुसता अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारून द्या म्हणलं तर "उद्या या". उद्या गेले तर ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी सायबरला पाठवलं, तिथे परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी काय तर खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, वेळ लागेल. बँकेत गेले तर तिथली मुलगी स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, आम्ही काही करू शकत नाही." प्रत्येक ठिकाणी एकच सूर, तुम्ही शिकलेल्या असून कशा फसलात. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, तो मला टेबलापलीकडून नकोय. मला शिक्का मारलेला कागद हवा होता, तो मिळायला अकरा दिवस लागले.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर खात्यात गोठवता येतात, माझे जाऊन महिना झाला होता. ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, वकील लागत नाही. मी केलीय.

आणि जीव जळतो तो यासाठी की यातलं बरंचसं फुकट आहे. आयसीडीची पूर्ण यादी आणि गाइडलाइन्स सीडीसी आणि सीएमएस या अमेरिकन सरकारी संस्थांच्या साइटवर आहेत, एचसीपीसीएसही सीएमएसवर आहे. व्हिजिट कोडच्या बदलांची पीडीएफसुद्धा एएमएने मोफत ठेवलीय, ९९२१३ ला किमान २० मिनिटं तिथे स्वच्छ लिहिलंय. पुस्तक मात्र विकतच घ्यावं लागतं, ते अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. क्लास लावायच्या आधी सरांना एकच विचारा, यंदा कुठले कोड डिलीट झाले. उत्तर टाळलं तर उठून जा.

परवा दुसऱ्या एका ग्रुपमध्ये तेच पोस्टर आलं, वर नवीन नाव, '२०२६ अपडेट पॅकेज'. सॅम्पल पान म्हणून जोडलेला फोटो मोठा करून बघितला तर तोच तिरका स्कॅन, मॉडिफायर २५ वर तोच पिवळा पट्टा आणि बाजूला तोच बाण. तुमच्याकडे आलं असेल किंवा तुम्ही पैसे भरले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि मला मेसेज करा. माझ्या तक्रारीला जोडायला मला अजून माणसं हवीत.