किकर लावून हाताने उचलायचं की स्टॅकर घ्यायचा? फोल्डरच्या पुढचा प्रश्न

छोटं-मध्यम दैनिक छापणाऱ्या दोघा-तिघा ओळखीच्यांनी अलीकडे मला एकच गोष्ट विचारली, की प्रेसचा स्पीड वाढवलाय, फोल्डर (छापलेला कागद कापून घडी घालणारा भाग) साथ देतोय, पण पुढे डिलिव्हरीला, म्हणजे घडी घातलेल्या कॉप्या बाहेर पडतात तिथे, माणसं पुरत नाहीत, तर किकर (ठराविक कॉप्यांनंतर एक कॉपी बाजूला ढकलून खूण करणारा) ठेवून अजून दोन हेल्पर वाढवायचे की सरळ काउंटर स्टॅकर (कॉप्या मोजून गठ्ठे रचणारं मशीन) लावायचा. मी दोन्ही पद्धतींवर रात्री काढल्यात. आधी बरीच वर्षं हाताने उचलणं आणि आता सेकंडहँड स्टॅकर. आमचा प्रेस सिंगल विड्थ (रुंदीत दोन पानं बसणारा), ५४६ मिलिमीटरचा कटऑफ (एका कॉपीला कापली जाणारी कागदाची लांबी), प्रिंट ऑर्डर साधारण ४२ हजार, पानं बहुतेक दिवस १२. तुमचं गणित याच्या आसपासचं असेल तर पुढचं उपयोगी पडेल, फार वेगळं असेल तर आपापल्या हिशोबाने घ्या.

प्रेस कुठला, टॉवर (छपाईची युनिटं) किती यात मी जात नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कोल्हापूरजवळ वारणानगर-कोडोलीला वेब प्रेस (रिळाच्या सलग कागदावर छापणारे) बनतात, तिकडे फरीदाबादकडे बनतात, अशा मशीनच्या कॅटलॉगात ३६,००० कॉप्या तासाला असं लिहिलेलं सापडतं आणि मशीन तेवढं पळतंही. पण ३६,००० म्हणजे सेकंदाला १० कॉप्या, हे डिलिव्हरीच्या टोकाला उभं राहिल्याशिवाय अंगावर येत नाही. आम्ही २८,००० ला चालवतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८. त्या वेळी कागद फोल्डरमधून सेकंदाला सव्वाचार मीटरने येत असतो आणि खाली डिलिव्हरी बेल्टवर कॉप्या एकमेकींवर चढून पाच-पाच सेंटीमीटरच्या अंतराने सरकत असतात, म्हणजे बेल्टचा वेग सेकंदाला ४० सेंटीमीटरच्या आसपास. सव्वाचार मीटरवरून ४० सेंटीमीटर, एवढा ब्रेक एका कॉपीला फॅनच्या, म्हणजे फोल्डरखाली फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, एका खणात लागतो. घडीची बाजू पुढे करून कॉपी फॅनच्या वाकड्या पात्यांमध्ये शिरते, पात्याला घासत घासत मंदावते, खाली स्ट्रिपरला (कॉपी अडवून खणातून बाहेर काढणाऱ्या पट्टीला) टेकते, फॅन पुढे निघून जातो आणि कॉपी बेल्टवर आडवी होते. मी एकदा मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये हे शूट करून पाहिलं होतं. कॉपी खणाच्या तळाला आपटून परत थोडी वर उसळते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि ती उसळी पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ आहे असं माझं मत झालंय.

आता हाताने उचलण्याबद्दल आधी बोलतो, कारण लोक त्याला उगाच मागासलेलं समजतात. माणसाचा हात फार माफ करतो. कॉपी वाकडी पडली, एका कोपऱ्याचा कान मोडला, मध्येच दोन चिकटून आल्या, हेल्पर गठ्ठा उचलताना टेबलावर ठोकतो आणि सगळं सरळ होतं, खराब कॉपी जाता जाता ओढून बाजूला टाकतो. अर्धा गठ्ठा उलटा फिरवून ठेवतो म्हणजे घडीची जाड बाजू दोन्हीकडे वाटली जाते आणि बंडल झुकत नाही. आमच्याकडे एक वयस्कर हेल्पर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते गठ्ठा हातात आला की वजनावरून सांगायचे यात एक-दोन कमी आहेत, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. वीज, कंप्रेसर, सेन्सर काही लागत नाही. वेब, म्हणजे रिळाचा सलग कागद, तुटला, प्रेस थांबला, परत सुरू झाला तरी हाताला काही फरक पडत नाही. १५-२० हजारांची ऑर्डर असेल आणि गाड्या सुटायला थोडी सवड असेल तर मी आजही हेच सांगेन, की पैसे दुसरीकडे घाला.

मग मी का बदललं? मोजणीमुळे. बाकी सगळं चालवून घेता आलं असतं, हे नाही आलं.

किकर कसा चालतो तुम्हाला माहीत आहे, दर २५ किंवा ५० कॉप्यांनंतर एक कॉपी बाजूला ढकलतो, ती ओळीतून बाहेर डोकावते आणि तिच्यावरून हेल्पर गठ्ठा तोडतो. १२-१५ हजारांच्या स्पीडला हे मस्त चालतं. २८,००० ला २५ कॉप्या तीन-सव्वातीन सेकंदांत निघून जातात, ५० साडेसहा सेकंदांत. हात पाव सेकंद उशिरा पडला तर दोन कॉप्या इकडच्या तिकडे झाल्या. पाव सेकंद म्हणजे किती, शेजारच्याने हाक मारली आणि मान वळवली, संपलं. वरून स्पीड जास्त असला की किकर कधी कधी एकाऐवजी दोन कॉप्या ढकलतो, कारण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात, मग खूण नेमकी कुठली हेच कळत नाही.

सकाळी साडेपाच-सहाला तालुक्याच्या एजंटचे फोन यायचे, भाऊ आज दोन कमी आलेत, भाऊ चार कमी आलेत. एका एजंटकडे चार कमी म्हणजे चार घरी पेपर नाही, लाइनचा पोरगा शिव्या खातो, एजंट बिलातून कापून घेतो, आणि आपण म्हणतो आम्ही ५० च भरले होते. दोघंही आपल्या जागी खरे. महिनोन्‌महिने हे चाललं. शेवटी एका रात्री मी स्वतः पॅकिंगच्या टेबलाशी उभा राहिलो आणि बांधायला आलेली बंडलं सोडवून एक-एक कॉपी मोजली. ५०, ५०, ४९, ५१, ५०, ४८. चूक एका माणसाची असेल असं वाटत होतं, पण तसं नव्हतं. डिलिव्हरीवर दोघं आळीपाळीने उचलत होते. एक जण बाहेर ढकललेली कॉपी आपल्या गठ्ठ्यात धरायचा, दुसरा ती पुढच्या गठ्ठ्याची पहिली म्हणून सोडायचा. दोघांपैकी एकच सलग उचलत राहिला तर ५० च येतात, पण हात बदलला की ४९ किंवा ५१. दोघांनाही आपण बरोबर आहोत असं वाटत होतं आणि खरंच प्रत्येकाची पद्धत आपल्यापुरती बरोबर होती. त्यांना एक पद्धत ठरवून दिली, आठवडाभर फरक पडला, मग नवीन माणूस आला आणि परत तेच.

तक्रार थांबवायला आम्ही तोपर्यंत बंडलात एक कॉपी जास्त टाकायला सुरुवात केली होती, तुमच्यापैकीही बरेच जण करत असतील. त्याचा हिशोब एकदा करून बघा. ४२ हजारांची ८४० बंडलं, म्हणजे रोज ८४० कॉप्या फुकट. ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) कागदावर १२ पानी कॉपी ५० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे रोज ४२ किलो, महिन्याला सव्वा टन न्यूजप्रिंट. आणि एवढं करूनही ४८ वाल्या बंडलाची तक्रार यायचीच. हे कागदावर मांडल्यावर मालकांनी पहिल्यांदा स्टॅकरचा विषय मन लावून ऐकला.

स्टॅकर बेल्टवरच्या घड्यांच्या कडा मोजतो, आमचा लेझरने मोजतो, जुने चाकाने मोजणारेही येतात. २५ झाल्या की आत काटे पुढे येऊन ओळ अडवतात, खालचा गठ्ठा टेबलसकट अर्धा वळतो, त्यावर पुढच्या २५ पडतात, मग पूर्ण बंडल बाहेर ढकललं जातं. जे मामा हाताने करायचे तेच, फक्त रात्री तीन वाजताही पहिल्यासारखंच. सुट्या कॉप्यांचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं. एजंटला १३७ पाहिजेत तर दोन पन्नासची बंडलं आणि एक ३७ चं, हे आधी भरून ठेवलं की आपोआप निघतं. पूर्वी या सुट्यांसाठी एक माणूस वेगळा मोजत बसायचा आणि शेवटच्या गाड्या त्याच्यामुळे अडायच्या. मोजणीचे फोन पूर्ण बंद झाले असं म्हणणार नाही, दोन कॉप्या अगदी चिकटून आल्या तर स्टॅकरही एकच धरतो, पण आता महिन्यात एखादा फोन येतो. जास्तीची कॉपी टाकणं आम्ही बंद केलं.

पण पहिला आठवडा वाईट गेला, हे सांगायलाच पाहिजे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी जाम. प्रेस हळू करा, स्टॅकर उघडा, चुरगळलेल्या कॉप्या ओढून काढा, तोवर बेल्टवरून कॉप्या जमिनीवर. सगळे म्हणायला लागले जुनंच बरं होतं, आणि मलाही दोन रात्री तसंच वाटलं. मशीन विकणाऱ्याचा माणूस म्हणे सेन्सर बदला. सेन्सरचा काही संबंध नव्हता. आमच्या फॅनमधून कॉप्या मुळातच वाकड्या पडत होत्या, एक कोपरा पुढे आणि एक मागे, आणि इतकी वर्षं हेल्पर ते ठोकून सरळ करत होते म्हणून कोणाला दिसलंच नव्हतं. स्टॅकरला ठोकता येत नाही, तो वाकडी कॉपी तशीच आत घेतो आणि काटे तिच्यात घुसतात.

म्हणून मग फॅनकडे वळलो. दोन स्ट्रिपरपैकी एक घासून कमी झाला होता, कॉपी आधी एकीकडे टेकायची आणि तिथेच फिरायची. ते दोन्ही नवीन करून एका रेषेत आणले. फॅनचं टायमिंग पाहिलं तर कॉपी खणाच्या मधोमध न शिरता पात्याच्या टोकाला घासून जात होती, घडीवर बारीक दात पडलेला आम्ही रोज बघत होतो आणि कागदाला दोष देत होतो. गिअर सोडवून फॅन थोडा पुढे घेतला, दात गेला. बेल्ट किंचित जलद केला, कॉप्यांमधलं अंतर वाढलं. आणि आमच्या मराठवाड्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या रात्री कॉपीत स्टॅटिक भरतं, कॉप्या एकमेकींना आणि पात्याला चिकटतात, त्यासाठी फॅनच्या तोंडाशी अर्थिंग केलेली तांब्याची झालर आडवी बांधली. खर्च म्हणाल तर स्टॅकरच्या मानाने नगण्य. त्या झालरीने जेवढं काम केलं तेवढं इतर कशाने केलं नसेल असं मला मनापासून वाटतं. ८ पानी अंकाला तर फारच, कारण ती कॉपी ३५ ग्रॅमचीसुद्धा नसते, वजनाने खाली बसतच नाही, हवेत तरंगते.

एक सांगायचं राहिलं. बेल्टवर कॉप्या दाबून धरणारी जी चाकं असतात, त्यांच्याखाली काळी भरीव जाहिरात आली की शाईचा पट्टा ओढला जातो, कारण आपली शाई वाळत नाही, कागदात मुरते. चाकं समासावर सरकवून घ्या. हाताच्या पद्धतीत हा त्रास नव्हता, हे कबूल.

ग्रिपर कन्व्हेयरबद्दलही विचारतात. स्वित्झर्लंडची फेराग ही यातली नावाजलेली कंपनी १९५७ साली सुरू झाली. या कन्व्हेयरमध्ये प्रत्येक कॉपी वेगळ्या चिमट्यात धरून छताजवळून नेतात, त्यामुळे कॉप्यांमधलं अंतर कधी बिघडत नाही. मोठ्या प्रेसमध्ये मी ते चालताना पाहिलंय आणि बघत राहावंसं वाटतं. पण प्रेस एका मजल्यावर आणि पॅकिंग दुसऱ्या टोकाला असं असेल तरच त्याचा विचार करावा. आमच्यासारख्यांचं डिलिव्हरीपासून टेबल पंधरा फुटांवर असतं.

तर तुमची ऑर्डर ३० हजारांच्या वर असेल, स्पीड २५,००० च्या पुढे ठेवायचा असेल आणि मोजणीचे फोन रोज येत असतील तर माझा कल स्टॅकरकडे आहे. आमच्या हेल्परांपैकी कोणाचं काम गेलं नाही, दोघं पॅकिंगला आणि गाड्या लावायला घेतले, शेवटची गाडी आता आधीपेक्षा अर्धा तास लवकर सुटते. मात्र सेन्सर आणि हवेच्या लाइनी समजणारा एक तरी माणूस रात्रपाळीला पाहिजे. असा माणूस मिळणार नसेल तर किकरच ठेवा, स्पीड २०,००० च्या आत आणा आणि पूर्ण रात्र डिलिव्हरीवर एकच पद्धत पाळायला लावा. दोन्हीपैकी काहीही ठरवलं तरी फॅनचं काम आधी करून घ्या, ते कशातही वाया जात नाही.

सेकंडहँड बघायला जाणार असाल तर दिवसा बंद मशीन बघून येऊ नका, रात्री चालू असताना जा, आणि शक्यतो त्यांचा सगळ्यात पातळ अंक असेल त्या दिवशी. प्रेस स्पीड पकडत असताना आणि वेब तुटून थांबत असताना स्टॅकरजवळ उभे राहा. कन्व्हेयरची मोटर प्रेसच्या स्पीडप्रमाणे आपोआप कमी-जास्त होते का ते तिथेच कळतं. ती होत नसेल तर थांबताना कॉप्यांचा ढीग होतो आणि सुरू होताना विरळ पडतात, आणि मोजणी नेमकी त्याच वेळी चुकते. आम्ही हे विचारलं नव्हतं, नंतर मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह वेगळा बसवावा लागला.