मुंबईत घरच्यांसोबत वॉक आखायचाय: बाणगंगा की कान्हेरी?

आजी-आजोबा, बाबागाडीतलं बाळ असं सगळं लटांबर असेल तर सरळ वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव घ्या. तास-दीड तासात होतं, दीपमाळा, देवळं, बदकं सगळं एका फेरीत, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तलावात गोडं पाणी कसं, हे पोरं स्वतःच विचारतात. आत्ताचं बांधकाम 1715 चं, रामा कामत यांनी केलेलं. फक्त बाबागाडी वरच्या रस्त्यावरच ठेवा, खाली सगळ्या पायऱ्या.

पण पोरं आठ-दहा वर्षांची असतील तर मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणीच म्हणेन, कारण तिथे जंगल आणि इतिहास वेगळे करताच येत नाहीत. शंभरावर लेणी आहेत, सगळी दाखवायचा हट्ट नको, तीन नंबरचा चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) बघा आणि मग पाण्याच्या मागे लागा! कातळात खोदलेले बारीक पाट बोटाने दाखवत गेलं की पावसाचं पाणी पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात, कसं उतरायचं ते पोरांना आपोआप कळतं, फलक वाचायची गरजच नाही.

उद्यानाच्या गेटपासून गुंफा लांब आहेत, त्यामुळे बसनेच जा, दम पायऱ्यांसाठी ठेवा. डबा माकडांसमोर उघडू नका आणि सोमवारी बंद असतं.