करवंटीच्या कोळशाचा फिल्टर: आठ महिने वापरल्यावर

विहिरीत टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) पडली की आमच्या घरी चहालाही तिचाच वास. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पाणी किंचित पिवळं, कुजक्या पाल्याच्या वासाचं. सिंधुदुर्गातल्या निम्म्या वाड्यांची हीच कथा असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भाताच्या तुसाची राख वापरून पाहिली. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते. तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून टाटांनी २००९ साली ‘स्वच्छ’ हा बिनविजेचा फिल्टर आणला होता. मी मात्र गिरणीवरची राख आणून तशीच ड्रममध्ये ओतली. ती चिखलासारखी घट्ट बसली आणि पाणी खाली उतरेना.

मग फेब्रुवारीत करवंटीच्या सक्रिय कोळशाची २५ किलोची गोणी आणली. करवंट्या तर परसात ढिगाने पडलेल्या, मग विकत कशाला, असं घरच्यांनी विचारलंच. चुलीतला कोळसा इथे चालत नाही. करवंटी आधी कमी हवेत जाळतात, मग तो कोळसा ९०० अंशांच्या आसपास वाफेवर तापवतात, तेव्हा त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. चांगल्या मालाच्या एका ग्रॅममध्ये या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे जवळपास दहा गुंठे! वास आणि रंग तिथे चिकटून बसतात. घेताना गोणीवरचा आयोडीन नंबर, म्हणजे कोळसा किती शोषून घेतो ते सांगणारा आकडा, बघा. ९००च्या वर असलेला घ्या.

साठ लिटरचा निळा ड्रम, तळाला खडी, तिच्यावर १२ किलो कोळसा, वर मच्छरदाणीची जाळी आणि त्यावर धुतलेली वाळू. कोळसा मी दोनदाच धुतला, म्हणून दोन दिवस नळाला काळं पाणी आलं. पाणी नितळ होईपर्यंत धुवा, सात-आठ वेळा तरी. नळ अर्धाच सोडायचा. आमची १५ लिटरची कळशी सात-आठ मिनिटांत भरते. धार मोठी केली की वास परत येतो.

वास पहिल्या आठवड्यातच गेला. आई आता चहाचं पाणी ड्रमचंच घेते.

जुलैत जलसुरक्षक क्लोरीन तपासायला आले, तेव्हा मी दोन्ही पाणी पुढे केलं. विहिरीच्या पाण्यात त्यांच्या औषधाचे थेंब पडताच ते पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे; ड्रमचं मात्र पांढरंच राहिलं. मी खूश झालो, पण ते म्हणाले, "भाऊ, वासाबरोबर राखणही गेली. आता जंतू शिरले तर मारणार कोण?" त्यांच्याकडूनच जंतू तपासायची छोटी बाटली घेतली, ड्रमचं पाणी भरून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाटली काळी, म्हणजे पाण्यात जंतू. आठवडाभर पाहुण्यांची लहान मुलं तेच पाणी पीत होती. छातीत धस्स झालं.

कोळसा जंतू मारत नाही. उलट क्लोरीन शोषून घेतो आणि त्याच्या दाण्यांवर जंतूंचा थर वाढू शकतो. तेव्हापासून टाकीत टीसीएल टाकून अर्धा तास थांबतो, मग पाणी ड्रममधून घेतो आणि प्यायचं पाणी उकळतोच. ड्रम दोन दिवस बंद राहिला तर पहिल्या चार कळश्या झाडांना घालतो. विहिरीत फ्लोराईड किंवा नायट्रेट असेल तर या कोळशाच्या भरवशावर राहू नका, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटी चहाला पुन्हा हलका वास जाणवला, म्हणजे कोळशाची छिद्रं भरून गेली. जुना माडांच्या आळ्यात टाकला, गोणीतला उरलेला १३ किलो नऊ वेळा धुऊन भरला. घरात लहान मूल आहे आणि उकळायला गॅस परवडत नाही, अशा घराला मी हा फिल्टर सुचवणार नाही. वासामुळे पाणी घशाखाली उतरत नसेल आणि उकळायची तयारी असेल, तर जरूर करा. माझ्या हिशेबाने सात-आठ महिन्यांनी कोळसा बदलावा लागतो.