एनएव्ही रोज आपोआप आणणारी गूगल शीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांच्या आणि आईच्या मिळून अकरा म्युच्युअल फंड योजना आहेत. बाबा त्यांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची त्या दिवशीची किंमत, वहीत लिहून ठेवायचे. ती वही मी गूगल शीटमध्ये उतरवली त्याला आठ महिने झाले.

एनएव्हीसाठी अ‍ॅम्फीची (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) रोजची टेक्स्ट फाइल सगळ्यात सोयीची. प्रत्येक योजनेची एक ओळ, त्यात योजनेचा कोड, आयएसआयएन (आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), नाव, एनएव्ही आणि तारीख, मध्ये अर्धविराम. आधी इम्पोर्टडेटा हे बाहेरची फाइल शीटमध्ये आणणारं साधं सूत्र लावून पाहिलं, पण हजारो ओळींची फाइल त्याला झेपेना. मग इम्पोर्टएक्सएमएल या दुसऱ्या सूत्राने एकेक आकडा वेबपानावरून ओढला. ही सूत्रं तासातून एकदा नवी माहिती आणतात, तीही शीट उघडी असेल तरच. बाबा सकाळी मोबाइलवर दोन मिनिटं शीट बघून बंद करणार, म्हणजे त्यांना बऱ्याचदा शिळाच आकडा दिसायचा. पान रिफ्रेश करूनही उपयोग नाही, सूत्र पुसून पुन्हा टाकावं लागतं. सूत्रात नाऊ (चालू वेळ देणारं फंक्शन) घुसवायची युक्ती तर चालतच नाही, सरळ एरर येते.

शेवटी अ‍ॅप्स स्क्रिप्टकडे, म्हणजे शीटमागे कोड लिहायच्या गूगलच्याच सोयीकडे वळलो आणि तिथेच स्थिरावलो. वीसेक ओळींचा कोड फाइल आणतो, अर्धविरामावर तोडतो आणि आपल्या अकरा कोडांच्या ओळी शीटमध्ये लिहितो. टाइम ट्रिगर (ठरल्या वेळी कोड आपोआप चालवणारी सोय) लावला की शीट बंद असली तरी काम होतं. मोफत खात्याला ट्रिगरसाठी दिवसाला 90 मिनिटं मिळतात. माझं काम काही सेकंदांचं. रोजच्या ट्रिगरला नेमकी वेळ देता येत नाही, निवडलेल्या तासात तो कधीही चालतो. मी आधी रात्री 11 ते 12 ठेवला होता, पण तेव्हा काही योजनांचे आकडे यायचे असायचे. आता सकाळी 6 ते 7. स्क्रिप्टचा टाइमझोन भारताचा आहे ना, हे मात्र आधी तपासा.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी फाइल आलीच नाही. माझा कोड आधी जुने आकडे पुसायचा आणि मग फाइल मागायचा. बाबांचा फोन आला, "अरे, सगळं शून्य दाखवतंय!" त्यांचा घाबरलेला आवाज मला अजून आठवतो. त्याच दिवशी क्रम उलटा केला: आधी फाइल, तिच्यात अकराही कोड सापडले तरच लिहायचं, नाहीतर जुनं आहे तसं ठेवायचं.

पण मग जुना आकडा नवा समजला जाण्याची भीती. मी वर स्क्रिप्ट चालल्याची वेळ दाखवत होतो, ते काढून टाकलं. स्क्रिप्ट आज चालली म्हणून आकडा आजचा होत नाही. आता प्रत्येक एनएव्हीशेजारी फाइलमधलीच तारीख असते. सोमवारी सकाळी इक्विटी (शेअरमधल्या) फंडापुढे शुक्रवार दिसतो, कारण शनिवार-रविवार बाजार बंद, आणि लिक्विड (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांच्या) फंडापुढे रविवार, कारण त्याची एनएव्ही सुट्टीचीही निघते. परदेशी शेअर घेणारा फंड एक दिवस मागे असतो. सुरुवातीला बाबा गोंधळले, पण कारण कळल्यावर तेच आता आईला समजावून सांगतात. तीन कामाच्या दिवसांहून जुनी तारीख लाल होते. त्यासाठी कामाचे दिवस मोजणारं नेटवर्कडेज हे सूत्र वापरलंय आणि बाजाराच्या सुट्ट्या वेगळ्या टॅबमध्ये भरल्यात, नाहीतर दिवाळीत उगाच लाल होतं.

मागच्या महिन्यात आमची एक योजना दुसरीत विलीन झाली आणि तिचा कोड फाइलमधून गेला. अकराही कोड हवेत या माझ्याच अटीमुळे सगळं अपडेट थांबलं. मला पत्ताच नव्हता. चार-पाच दिवसांनी बाबांनीच फोन केला, "तारखा लाल झाल्यात, बघ जरा." आता कोड योजनेगणिक तपासतो, एक सापडला नाही तरी बाकीच्या दहा येतात.