जोधपूरचं रिफ: रात्रीचं सोडा, पहाटेला जा

सगळ्यात आधी कामाचं सांगते. जोधपूरच्या रिफला जायचं ठरवत असाल तर रात्रीचा एखादा कार्यक्रम हुकला तरी चालेल पण जसवंत थड्यावरचा पहाटेचा अजिबात चुकवू नका. साडेचारचा गजर लावा, रात्री एकला झोपला असाल तरी लावा.

रिफ म्हणजे राजस्थान इंटरनॅशनल फोक फेस्टिवल. २००७ पासून मेहरानगड किल्ल्यात होतं आणि तारखा दरवर्षी बदलतात कारण त्या शरद पौर्णिमेला धरून असतात, म्हणजे आपली कोजागिरी. आम्ही तिघी गेलो होतो, आई (वय ६९, दोन्ही गुडघे कुरकुरणारे), ताई आणि मी. बोरिवलीहून सूर्यनगरी एक्स्प्रेस पकडली, दुपारी बसलो की दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. कोजागिरीला घरी दूध आटवायचं सोडून कुठं निघालात असं काकूने फोनवर विचारलं तेव्हा आई म्हणाली, चंद्र तिथंही तोच आहे गं.

रात्रीच्या कार्यक्रमाबद्दल आधी थोडं. किल्ला १४५९ साली राव जोधाने बांधायला घेतला, शहराच्या वर साधारण १२० मीटर उंच खडकावर, आणि खाली उभं राहून वर बघितलं की खडक कुठं संपला आणि भिंत कुठं सुरू झाली ते पटकन कळत नाही. आत जायचा रस्ता दगडी आणि चांगलाच चढाचा आहे. दरवाजांना तिथं पोळ म्हणतात, आणि वाटेतल्या दरवाजांपाशी एकदम वळणं, हत्तीला धावत येऊन दाराला धडक देता येऊ नये म्हणून. आम्ही प्रत्येक वळणावर पाच मिनिटं थांबत आईला वर नेलं. दिवसा म्युझियम बघणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण कार्यक्रमाच्या वेळेला चालू असते का ते आधी विचारून घ्या, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे फार महत्त्वाचं आहे.

वर पोचल्यावर मात्र डोळ्यांचं पारणं फिटतं. जनान्याचा चौक, तिन्ही बाजूंनी दगडात कोरलेल्या जाळ्या, झरोके, त्यावर पिवळा उजेड आणि भिंतीच्या कडेवरून हळूहळू वर येणारा चंद्र. राजस्थानी कलाकार आणि बाहेरच्या देशांतले संगीतकार एकत्र बसून वाजवतात ही या फेस्टिवलची खासियत. मला त्यातलं काही फार आवडलं, काही ठिकाणी मात्र ड्रम्सच्या खाली मोरचंग (दातांत धरून बोटाने छेडायचं छोटं लोखंडी वाद्य) पार बुडून गेलं असं वाटलं, आता ही माझी आवड झाली, ताईला तेच सगळ्यात जास्त आवडलं आणि ती उभी राहून नाचली. आमच्या पुढच्या रांगेतल्या लोकांनी मात्र सगळा वेळ फोन डोक्याच्या वर धरून ठेवला होता, आईला स्टेज दिसायचं ते छोट्या छोट्या स्क्रीनमधूनच. कृपा करून असं करू नका, एक फोटो काढा आणि फोन ठेवून द्या.

आता पहाट.

जसवंत थडा किल्ल्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर आहे. महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या आठवणीसाठी त्यांच्या मुलाने, सरदारसिंह यांनी १८९९ मध्ये बांधलेली ही संगमरवरी छत्री, बाजूला छोटा तलाव, समोर किल्ला. आम्ही राहिलो त्या गेस्ट हाऊसवाल्याने पावणेपाचला रिक्षा उभी करतो असं छातीठोक सांगितलं होतं आणि ती आलीच नाही. अंधारात आम्ही तिघी नाक्यापर्यंत चालत गेलो, तिथं एक दूधवाला भेटला, त्याने फोन करून ओळखीचा रिक्षावाला बोलावला. तेव्हा तुम्ही रिक्षा आदल्या दिवशी स्वतः ठरवा आणि रिक्षावाल्याचा नंबर स्वतःकडे घेऊन ठेवा.

पोचलो तेव्हा पूर्ण अंधार होता, पश्चिमेला चंद्र अजून टिकून होता. संगमरवरावर गाद्या अंथरलेल्या, लोक शाली पांघरून बसलेले, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शाल न्याच, ऑक्टोबरात जोधपूरला दुपारी भाजून निघतं पण पहाटेचा दगड गार असतो. समोर मांगणियार या राजस्थानातल्या पिढीजात गाणाऱ्या समाजातले चार-पाच कलाकार बसलेले, भगव्या-लाल पागोट्यातले. आणि एका म्हाताऱ्या बाबांनी कमायचावर गज टेकवला.

कमायचा ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसं सांगू. आंब्याच्या लाकडाचा एकसंध कोरलेला गोल पोटाचा वाद्य-सांगाडा, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, मुख्य तीन तारा आतड्याच्या आणि बाजूला आपोआप झंकारणाऱ्या धातूच्या तारा. त्याचा आवाज सारंगीसारखा गोड नसतो, थोडा घोगरा, घशातून आल्यासारखा असतो, रात्रभर जागलेल्या माणसाने पहाटे हाक मारावी तसा. माइक अगदी बेताने लावलेला होता त्यामुळे गज तारेवर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मग त्यात खडताल आली, शिसवीच्या चार पट्ट्या, दोन-दोन एकेका हातात, म्हणजे आपल्या चिपळ्यांची लांबची बहीणच. मीरेचं भजन झालं, कबीर झाला, मग सिंधचे सूफी कवी शाह लतीफ. एवढ्यात उजाडायला लागलं. समोरची किल्ल्याची भिंत आधी नुसती काळी होती, मग राखाडी झाली आणि मग एकदम तांबूस. आमच्या मागचा संगमरवर काही ठिकाणी इतका पातळ आहे की ऊन लागल्यावर तो आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. वर घारी फिरायला लागल्या. माझ्या शेजारी बसलेली ताई, जी रात्री नाचत होती, ती डोळे मिटून रडत होती आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

जाण्याआधी एवढं माहीत असलं तर ऐकताना जास्त पोचतं म्हणून लिहिते. मांगणियार हे मुसलमान आणि त्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे जजमान, म्हणजे त्यांना आश्रय देणारी घरं, बहुतेक राजपूत हिंदू. जजमानाच्या घरी मूल झालं, लग्न ठरलं, की गायला हेच जाणार, घराण्याची वंशावळ यांच्या तोंडपाठ. म्हणून कृष्णाचं भजन आणि सूफी कलाम एकाच बैठकीत येतं आणि त्यात त्यांना काही वेगळं केल्यासारखं वाटतच नाही. आपल्याकडे गोंधळ्यांचं, वासुदेवाचं असंच पिढीजात चालत आलं ना. ही मंडळी गावाबाहेर स्टेजवर आली त्यात लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांचा वाटा फार मोठा. १९६० मध्ये त्यांनी आणि राजस्थानी लेखक विजयदान देथांनी बोरुंदा गावात रुपायन संस्थान काढलं आणि गावोगाव फिरून हे गाणं रेकॉर्ड केलं. साकर खान यांच्या कमायचाला २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे अन्वर खान आणि लाखा खान यांनाही मिळाली. यांची रेकॉर्डिंग्ज सहज मिळतात. निघायच्या आधी ऐका, कान तयार होतो.

बाकीचं भराभर. तिकिटं ऑनलाइन, एका दिवसाची आणि सगळ्या दिवसांची वेगवेगळी, साइटवर नीट वाचा आणि पहाटेचं त्यात धरलंय ना ते बघा. राहायला किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या शहरात बघा, पण त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. दुपार मोकळी असेल तर किल्ल्याखालचा राव जोधा डेझर्ट रॉक पार्क बघा, वाळवंटातली झाडं परत लावून उभा केलाय. खायला घंटाघरापाशी मिर्ची वडा (तिथं तो ब्रेडबरोबर खातात), मावा कचोरी आणि माखनिया लस्सी. लस्सी तिघींत एक पुरते, इतकी घट्ट. पौर्णिमेच्या रात्री आमच्या गल्लीतल्या एका घरी गच्चीवर चांदण्यात खीर ठेवली होती, आम्हाला अनोळखी बायकांना हाक मारून वाट्या दिल्या. आईने त्यांना मसाला दूध कसं करतात ते सांगितलं, केशर-जायफळासकट.

पहाटेची बैठक संपली तेव्हा सव्वासात झाले असतील. लोक उठले, फोटो काढायला लागले, आणि आम्ही बघतो तर आई जागेवर नाही. ती त्या कमायचावाल्या बाबांसमोर गुडघे दुमडून बसली होती, घरी ती जमिनीवर बसतच नाही. वाद्याच्या कातड्यावर बोट टेकवून तिच्या हिंदीत विचारत होती की हे पावसात सैल पडतं का. ते हसले, म्हणाले, माँजी, हमारे यहाँ बारिश होती ही कहाँ है. मग त्यांनी विचारलं, आपके गाँव में कौन गाता है.

आईने त्यांना आजोळच्या गोंधळ्यांचं सांगितलं. लग्नानंतर घरी गोंधळ असायचा, पोत पेटवायचे, संबळ आणि तुणतुणं. तुणतुण्याला हिंदीत काय म्हणतात ते तिला येईना म्हणून तिने बोटाने हवेत एक तार छेडून दाखवली आणि तोंडाने तुण तुण तुण केलं. बाबांनी गज उचलला, कमायचा परत मांडीवर घेतला आणि तिचा तो ठेका तसाच्या तसा तारेवर काढून दाखवला. आई गायला लागली. बारीक आवाजात, अंबाबाईच्या गोंधळातल्या दोनच ओळी, तिला तेवढ्याच आठवत होत्या. ते मागून वाजवत राहिले.