पाठीवरची सोनेरी चेन, पुढची पितळी चेन: मार्च ते दिवाळीचा अनुभव

मार्चमध्ये दोन कपडे घेतले, दोन्हींवर चेन, म्हणजे झिप, मुद्दाम दिसेल अशी लावलेली. एक नेव्ही ब्लू रेयॉनचा कुर्ता, मानेपासून कमरेपर्यंत पाठीवर सोनेरी चेन. हा ऑनलाइन मागवला. दुसरं जाड सुती कापडाचं बिनबाह्यांचं जॅकेट, पुढून पूर्ण उघडणारं. ते डोंबिवलीत आमच्या नेहमीच्या मास्तरांकडून शिवून घेतलं. ऑफिस, लोकल, दोन-तीन लग्नं, अख्खा पावसाळा, सगळीकडे वापरून झाले. जॅकेट अजूनही हाताशी असतं. कुर्ता मात्र कुणाला फुकटही देणार नाही.

फोटोत कुर्ता झकास दिसत होता, पहिल्या दिवशी अंगावरही. (सासूबाईंचा पहिला प्रश्न, "अगं, उलटा घातलास का?" पण तो सोडून देऊ.) खरा प्रकार पहिल्या धुण्यानंतर कळला. चेनच्या दोन्ही बाजूंची पट्टी पॉलिएस्टरची, ती आटत नाही. रेयॉन आटतं. मग लांबी तेवढीच राहिलेल्या पट्टीवर आखूड झालेलं कापड ताणलं जातं आणि पाठभर चेनच्या लाटा उठतात. इस्त्रीने तेवढ्यापुरत्या बसतात, स्टेशन येईपर्यंत पुन्हा उभ्या. लपवलेल्या चेनलाही हेच होतं, पण तिथे ते शिवणीत खपून जातं. इथे कंपनीने चेनकडेच बघा म्हणून सांगितलेलं, त्यामुळे लोक लाटाच बघतात.

दुसरं म्हणजे वजन. धातूची पाच नंबरची चेन, म्हणजे बंद केल्यावर दात्यांची रुंदी साधारण पाच मिलिमीटर. ही जीन्सच्या जॅकेटला शोभते. झुळझुळीत रेयॉनच्या पाठीवर ती लटकते आणि अख्खा कुर्ता मागे ओढते. पुढचा गळा घशाशी येतो. दिवसभर पुढून खाली ओढत बसायचं. दुपारच्या मीटिंगमध्ये खुर्चीला टेकलं की मणक्यावर दाते. केस मोकळे सोडायची सोय नाही, आणि शिफॉनच्या ओढणीचे धागे तर त्या दात्यांनी इतके ओढले की शेवटी ओढणीच बाद केली. घरी एकटी असाल तर चेन लावायची कशी, हाही प्रश्न. रनरच्या, म्हणजे चेनवर सरकणाऱ्या तुकड्याच्या, भोकात लांब नाडी ओवून वर ओढायची, मग काढून टाकायची. जमतं, पण सकाळी ७:४०ची लोकल पकडायची असेल तर नको वाटतं.

पावसाळ्यात सोनेरी मुलामा रनरवरून उडाला आणि मानेला खाज सुटू लागली. स्वस्त मुलाम्यात बऱ्याचदा निकेल असतं आणि ते अनेकींच्या त्वचेला चालत नाही. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी मानेला टेकणारी धातूची चेन घेऊच नये, किंवा निदान आत कापडाची पट्टी आहे का ते बघावं. माझ्या कुर्त्याला ती नव्हती.

आता जॅकेट. मास्तरांनी कापड हातात घेतल्याबरोबर सांगितलं, "आधी रात्रभर पाण्यात टाका, वाळवून आणा, मग माप." चेनखाली त्यांनी फ्युजिंगची (इस्त्रीने चिकटणारी, कापड ताठ ठेवणारी) पट्टी चिकटवली, आतून कापडाची उभी पट्टी दिली, आणि वरच्या टोकाला रनर बसेल असा छोटा कप्पा केला, म्हणजे हनुवटीला लागत नाही. चेन पाच नंबरचीच, पण पितळी, मुलामा नसलेली. कितीही धुतलं तरी रेघ सरळ. पितळ थोडं काळवंडलंय, ते मला उलट जास्त आवडतं. चिंच लावून चकचकीत करण्याच्या फंदात पडले नाही.

जुलैत तिचे दाते रनरच्या मागे उघडायला लागले. हे चेन खराब झाल्याचं नव्हे, रनर सैल पडल्याचं लक्षण. मास्तरांनी पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा हलक्या दाबल्या, महिनाभर चाललं. मग नवा रनर घातला, चेन न उसवता, मी समोर उभी असताना. कपाटातल्या जुन्या कुर्त्याची बगलेतली लपवलेली चेन मात्र कमरेच्या शिवणीपाशी, जिथे कापडाचे थर वाढतात, दर वेळी अडकते. तिचे नायलॉनचे बारीक दाते मागे वळवलेले असतात आणि कापड त्यात सहज शिरतं. एकदा बिघडली की बहुधा अख्खी उसवून नवीच लावावी लागते.

दिसणारी चेन म्हणजे आजकालचं खूळ, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. आजच्या चेनच्या जवळ जाणारी रचना गिडिऑन सुंडबॅकने १९१३ मध्ये केली. 'झिपर' हे नाव १९२३ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीने रबरी बुटांसाठी वापरलं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटने मोटरसायकलवाल्यांच्या चामडी जॅकेटला चेन लावली, आणि १९३५ मध्ये पॅरिसच्या एल्सा स्कियापरेलीने उंची कपड्यांवर रंगीत प्लास्टिकच्या चेन उघड्यावर आणल्या. कपड्यात दडून बसणारी चेन त्यानंतर रुळली. बूट आणि चामडं, दोन्ही जाड माल. माझ्या कुर्त्याचं दुखणं तिथेच आहे: जाड मालाचा दागिना पातळ मालावर चढवला.

खिशावर नुसत्या शिवलेल्या, न उघडणाऱ्या चेनबद्दल काय बोलावं! रुमालही ठेवता येत नाही, आणि धुताना बाकीच्या कपड्यांना ओरबाडते ते वेगळंच. ती दिसली की मी कपडा परत टांगते.

घ्यायचाच असेल तर दुकानात चेन बंद करून कपडा खांद्याला धरून लटकवा. नवा असतानाच लाट दिसली तर पुढे वाढणारच. ऑनलाइन असेल तर आधी कापडाचं नाव वाचा. धुताना चेन लावून, कपडा उलटा करून टाका. रनर जड झाला तर दात्यांवर मेणबत्ती घासा, पण पांढऱ्या मेणाची. रंगीत मेणाचा डाग राहतो.

कुर्त्याची चेन उसवून त्या जागी त्याच कापडाची पट्टी आणि बटणं लावायला दिलीत. सोबत मास्तरांकडे हिरव्या खणाचं जॅकेटही टाकलंय, आत सुती अस्तर. त्यावर ते काळी चेन लावा म्हणतायत, काठ उठून दिसेल म्हणून. मला पितळीच हवीय. बघू, कोण ऐकतं.