आरसा घासायला शिकवणारं मंडळ: नाशिकच्या हौशी खगोलप्रेमींबद्दल

मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो. डाय आणि मोल्डचं काम, त्यामुळे मायक्रॉनचा हिशोब रोजचाच. दुर्बिणीचा आरसा हातानं घासून बनवायची कार्यशाळा आहे असं कळल्यावर मी नाव दिलं ते एवढंच बघायला, की मशीनशिवाय ही माणसं अचूकता आणतात तरी कशी. आणतात, आणि माझ्या कामापेक्षा जास्त आणतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कार्यशाळा पावसाळा संपल्यावर गंगापूर रोडला एका सभासदांच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये भरते, रविवारी सकाळी. प्रत्येकाला सहा इंची काचेच्या दोन चकत्या देतात. एक पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काच झिजवणारी कडक पावडर. पुढे-मागे घासायचं, वरची काच जराशी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. वरची मध्ये खोल होत जाते, तीच पुढे आरसा होते; खालची फुगत जाते. कुठूनही कसंही फिरवलं तरी एकमेकांना चिकटून राहतील असे पृष्ठभाग गोलाचेच असतात, म्हणून आकार आपोआप गोलाचा येतो. आमच्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर होतं. तेवढ्यासाठी मध्यभागी खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर.

शिकवणारे सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. “दादा, जोर लावू नका, पावडरीला तिचं काम करू द्या,” हे त्यांनी मला बऱ्याचदा सांगितलं. ८० नंबरची पावडर, मग १२०, २२० असं बारीक होत जायचं. प्रत्येक बदलाच्या वेळी बादली, फडकं, टेबल, हात, सगळं धुवायचं. जाड पावडरीचा एक कण मागे राहिला तर बारीक कामात ओरखडा पडतो आणि पुन्हा मागच्या नंबरवर जावं लागतं. सर या बाबतीत कुणालाही सूट देत नाहीत, आणि ते मला फार आवडलं. शेवटचं पॉलिश पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाच्या थरावर सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची बारीक पावडर लावून होतं. आमच्या तुकडीत आठवीतली एक मुलगी होती, तिचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा एकसमान चालत होता.

पण या कार्यशाळेला जायचं ते तपासणीसाठी. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात काढलेली पद्धत आहे. आरशापासून २४०० मिलिमीटरवर एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड. परत येणारा प्रकाश ब्लेडनं कापत न्यायचा आणि आरशावर पडणारी सावली वाचायची. चांगल्या आरशाच्या पृष्ठभागावरची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागात, म्हणजे साधारण ७० नॅनोमीटरमध्ये बसवायची असते. एका मायक्रॉनचा चौदावा भाग! सरांनी काचेवर क्षणभर अंगठा टेकवला आणि मला ब्लेडमागून बघायला सांगितलं. अंगठ्याच्या उबेनं काच फुगली होती, आणि तो उंचवटा टेकडीसारखा स्पष्ट दिसत होता. मग काच निवेल तसा हळूहळू बसत गेला. इतक्या वर्षांच्या मोजमापाच्या कामात मी एवढ्या स्वस्त साधनातून एवढं सूक्ष्म काही पाहिलं नव्हतं.

आरशावर ॲल्युमिनियमचा लेप बाहेरून करून आणतात. दुर्बिणीची बैठक प्लायवूडची, जॉन डॉब्सन या अमेरिकन हौशी दुर्बीणकाराच्या पद्धतीची: सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे सरकतात. बोटानं ढकलली की नळी हलते, सोडली की जागच्या जागी थांबते. बेअरिंग लावून हे जमलं नसतं.

आकाशदर्शन महिन्यातून एकदा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, पेठ रस्त्याला रामशेजच्या पुढे एका शेतात. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावल्याशिवाय आत सोडत नाहीत, कारण अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडानं बिघडतात आणि पुन्हा सरावायला अर्धा तास लागतो. फेब्रुवारीत माझ्या आरशातून मृगातला तेजोमेघ पाहिला. १२० पट मोठं केल्यावर त्याच्या पोटातले चार तारे वेगवेगळे दिसले. दक्षिणेला अगस्त्य होता. आग्नेयेकडे शहराचा उजेड आहे, त्यामुळे तिकडून उगवणारं सगळं जरा वर येईपर्यंत धुरकट दिसतं. पहाटे चारनंतर नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छ दक्षिण क्षितिजावर बावीस अंशांपर्यंत चढला. लंडनहून तो दिसतच नाही. इथे दिसतो, कारण आपण २० अंश अक्षांशावर आहोत.

याच अक्षांशामुळे मेच्या २० तारखेच्या आसपास भरदुपारी नाशिकमध्ये उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मंडळ तेव्हा शाळांमध्ये जातं. जुलैतही तसा दिवस येतो, पण तेव्हा बहुधा ढग. विज्ञान दिनाला पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची सहल असते. ४५ मीटर व्यासाच्या एका तबकडीखाली उभं राहण्यासाठी तरी जावं.

आता उणिवा. शेतावर बायकांसाठी स्वच्छतागृहाची धड सोय नाही, आणि रात्रभराच्या कार्यक्रमाला ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्यामुळे कुटुंबं मध्यरात्रीच परततात आणि पहाटेचं सगळं हुकतं. नवख्यांची गर्दी झाली की मोठ्या दुर्बिणीपाशी लांब रांग लागते, मग लहान मुलांना नीट नजर बसायच्या आत बाजूला व्हावं लागतं. रात्री परतायला स्वतःचं वाहन हवं. शिफ्टवाल्यांना सगळे रविवार जमत नाहीत. चुकलेलं काम मधल्या वारी करू देतात, पण ते आधीच विचारून घ्या.

फी काच, पावडरी आणि चहा-नाश्ता धरून आहे, मला वाजवी वाटली. लेपाचा आणि लाकडाचा खर्च वेगळा पडतो. जुने कपडे आणि स्वतःची दोन सुती फडकी न्या, आणि शक्य असेल तर घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीलाही सोबत न्या. एका पिंपावर दोघांनी पाळीपाळीनं घासलेलं चालतं.